सुयांचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे, पण चहाची चव काही माझ्या नशिबी आली नाही. कारखान्यात माझ्या पोटात चकाकती काच बसवली. फौजेतल्या एका मामांनी मला कँटीनमधून घेतलं आणि तासगावात संयोगिताच्या लग्नात आहेर केला. साल १९९१.

चार वर्षं मी फळीवर बसून होतो. मग मिरजेच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मूल व्हावं म्हणून संयोगिताला इंजेक्शनं सांगितली होती, आणि ती थंड ठेवावी लागत. तिचा नवरा मानसिंग द्राक्षबागेची कामं टाकून जाई. माझ्यात बर्फ भरून त्यात औषध ठेवी आणि एसटीत मला मांडीवर घेऊन येई.

शेजारचा विचारी, "चहा हाय व्हय?"

"व्हय, पर थंड झालाय."

गावातली नर्स आम्रपाली घरी येऊन सुई टोचायची. तेव्हा माझा फार मान होता. सासू रंगूबाई मला हळदकुंकू लावायची. पाच वेळा उपचार झाले, मूल झालं नाही. मग इंजेक्शनं थांबली, मिरज थांबली, आणि मी लोणच्याच्या बरणीमागं गेलो.

१९९८ साली संयोगिताची पाळी चुकली. पोट दिसू लागलं. रंगूबाईनं देवापुढं साखर ठेवली. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची आणि तोवर कुठं वाच्यता करायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं दवाखानाही नाही.

आम्रपालीला मात्र राहवलं नाही. तिनं पोटाला हात लावून पाहिलं.

"आवं मावशी, तीन महिन्यांचं पोट येवढं नसतंय."

"जुळी असत्याल."

"एकदा मिरजेला दाखवून आणा."

"आदी ओटी हू दे. नजर लागती, नर्सबाई."

 ताटातली अर्धी भाकरी संयोगिता रोज परत ठेवायची. कुणी विचारलं की म्हणायची, "काय न्हाई." बरणीच्या आडून मला सगळं दिसायचं, पण थर्मासाला कोण विचारतंय?

ओटी भरली. दुसऱ्या दिवशी ती मोरीपाशी चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठं मला धुतलं, तांदळाची पेज भरली आणि मिरजेला नेलं. गरम असं काही पहिल्यांदाच माझ्या पोटात आलं होतं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ नाही. अंडाशयावर गाठ आहे, कॅन्सरची असावी."

मानसिंगनं माझं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "त्या सुयांनीच झालं का, बाई?"

"तसं ठाम सांगता येत नाही. अजून अभ्यास चालू आहेत. ज्यांना मूल होत नाही त्या बायकांत हा आजार तसाही थोडा जास्त दिसतो. पण उपचार थांबल्यावर तुम्ही एकदाही दाखवायला आला नाहीत."

"मूल झालं न्हाई. मग यायचं कशाला, असं वाटलं."

  माझ्यातली पेज तशीच निवून गेली.

ऑपरेशन झालं, गर्भाशयासकट सगळं काढलं. मग सलाइनमधून औषधं, केस गळणं, उलट्या. त्या दिवसांत मला काही वाटायचं नाही. भरलं की जड, ओतलं की हलका, एवढंच कळायचं.

चौथ्या डोसानंतरची दुपार. रंगूबाई सुनेच्या उशाशी बसली होती.

"दुखतंय का गं?"

"काय न्हाई, आत्या."

रंगूबाई उठली नाही. पदराशी चाळा करत बसली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "खरं सांग."

संयोगितानं भिंतीकडं तोंड केलं. "लय दुखतंय. दोन वर्सं झाली, दुखतंय."

मित्रांनो, ऑपरेशनला आता वर्ष झालं, संयोगिता आहे. तपासणीला दर तीन महिन्यांनी जाते. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. तुमच्याही घरात वहिनी असेल, काकू असेल. मूल कधी, असं तिला सगळं गाव विचारतं. तुझं पोट दुखतं का, एवढं तुम्ही विचारा. ती 'काय न्हाई' म्हणेल. तुम्ही उठू नका. परत विचारा.