आतून निळा, बाहेरून सागवानी

“चाळ पाडत नाहीत, पर्यटकांना दाखवायला ठेवतायत. पण कठड्यावरचं निळं सगळं म्हणे...” एवढं बोलून वैशाली खोलीत शिरली आणि तिनं दार लोटलं. पुढचं राहिलं ना! सगळं काय? झाकणार? काढणार?

मी तोच कठडा बोलतोय. परळच्या एका जुन्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, रस्त्याच्या अंगाला. चोंबडा म्हणा हवं तर. सगळे माझ्यावरच रेलून बोलतात, मग मी कान कुठे नेऊन ठेवू?

माझं लाकूड ब्रह्मदेशातलं, बोटीनं आलेलं. तेव्हा मी तपकिरी होतो. गिरणीची पाळी सुटली की घामेजलेले दंड माझ्यावर टेकायचे. मग एका वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला याच माळ्यावर राहणाऱ्या रामजींनी आपल्या दारासमोर निळा हात मारला. ते बघून शेजाऱ्यांनीही मारला. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये ज्यानं त्यानं आपल्या दारापुढचा तुकडा रंगवायचा. डबे वेगवेगळे, म्हणून माझं निळंही एकसारखं नाही. कुणाकडे दुखवटा असला तर शेजारी न विचारता त्याचा तुकडा उरकतो. रामजी गेले आणि ब्रश त्यांच्या सुनेकडे, कमळाबाईंकडे आला. वैशाली ही कमळाबाईंची सून.

आणि आता हा राजस. जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेचा. चपला बाहेर काढतो, चहाला नाही म्हणत नाही. इतका गोड माणूस खिशात पातं कशाला बाळगतो? एकदा त्यानं मला कोपऱ्यात खरवडलंच.

“आजी, बघा तरी, आत काय सागवान आहे! मूळ रूप आलं की लोक लांबून बघायला येतील.”

“मूळ म्हणजे कधीचं रे? आमचे सासरे इथं राहायला यायच्या आधीचं?”

राजसनं पातं खिशात टाकलं. चहालाही थांबला नाही. मला तर असल्या घाईचा जास्तच संशय येतो.

तो गेल्यावर वैशाली उसळली. “आई, छप्पर गळतंय. संस्था दुरुस्ती करून देतेय. रंगापायी तेही घालवायचं का? पोरांच्या डोक्यावर तुळई आली म्हणजे?”

“छपराला मी कधी नको म्हटलं? त्याला म्हणावं, छप्पर कर. माझ्या दारापुढचं राहू दे.”

“ते असं तुकड्या-तुकड्यानं होत नसतं.”

“आपण केलं की तुकड्या-तुकड्यानं. इतकी वर्षं.”

वैशालीनं माझ्यावर वाळत टाकलेली पोरांची कापडं ओढली आणि ती आत गेली. तिचंही चुकत नव्हतं. पावसाळ्यात तिच्या खोलीत तीन पातेली मांडलेली असतात, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तीच या निळ्यावरून राजसशी भांडायला गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. जिन्याखाली बोलले दोघं, माझं नशीब!

आता छप्पर झालंय. आणि ती बातमी? अर्धीच खरी निघाली. रस्त्याकडची माझी बाजू खरवडून पॉलिश केली. पर्यटक फुटपाथवरून तिचेच फोटो काढतात. आतली बाजू, दारांकडची, निळीच राहिली. वरच्या पट्टीचं, जिथं सगळे हात टेकतात, तिचं मात्र काही ठरलं नाही. राजस म्हणाला, “बघू.” हे बघू मला आवडलेलं नाही.

आज संध्याकाळी कमळाबाई ब्रश घेऊन आल्या. आतली बाजू रंगवली. मग न थांबता वरच्या पट्टीवरून हात फिरवला. एक ओघळ पॉलिशवर उतरला.

“आई, बाहेर गेला बघा,” वैशाली म्हणाली.

“जाऊ दे.”

वैशालीनं फडकं उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

तुम्ही फोटो काढायला आलात तर खालूनच जाऊ नका. जिना चढून वर या, माझ्यावर हात टेका. फक्त आजच्या दिवस जरा दमानं, रंग ओला आहे.