तेन्मोळीचे दीड महिन्याचे दात

मित्रांनो, पूर्वी मी पांढराशुभ्र होतो असे सांगितले, तर आज तुमचा विश्वास बसणार नाही. हळदीने मी पिवळा पडलो आहे आणि माझे एक बटण दोऱ्याने बांधलेले आहे. मी सेलम शहरातल्या सडैयप्पन यांच्या घरातला जुना मिक्सर आहे.

माझा जन्म कोइंबतूरच्या एका लहान कारखान्यात झाला. सडैयप्पन बस चालवत. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला मांडीवर धरून घरी आणले. त्यांच्या पत्नीने मला कुंकू लावले. पुढची वीस वर्षे मी त्या माउलीच्या हाताखाली चटणी आणि मसाले वाटले. "याच्यासारखं बारीक कुणी वाटत नाही," असे ती शेजारणींना सांगायची. ती गेली. मग मोठा, चकचकीत मिक्सर घरात आला आणि मी पोत्यात गुंडाळला जाऊन माळ्यावर गेलो.

त्यांची मुलगी तेन्मोळी शाळेत शिकवत असे. तिचा खालचा जबडा पुढे वाढला होता. वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटतच नसत. साधा डोसा खाताना तिची कानशिले ठणकत. लग्नकार्यात ती सगळ्यांची पंगत उठल्यावर एकटी जेवायची. शेवटी तिने दोन वर्षे दातांना तारा लावल्या आणि मग जबड्याची शस्त्रक्रिया करून घेतली.

ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा फणसासारखा सुजला होता. दात रबरांनी घट्ट बांधले होते. "दीड महिना चावणं बंद," डॉक्टरांनी बजावले होते. "जे द्याल ते पाण्यासारखं पातळ, गाळून द्या." नव्या मिक्सरच्या भांड्यात एका माणसापुरते अन्न नीट वाटले जाईना. पाते वरच्या वर फिरे. तेव्हा अप्पांना, म्हणजे सडैयप्पन यांना, माझे लहान भांडे आठवले आणि मी खाली आलो.

अप्पांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. पहिल्याच दिवशी ते झाकण दाबायला विसरले आणि पालकाचे सार छतापर्यंत उडाले. तेन्मोळीला हसू आवरेना आणि हसले की टाके दुखत. तिने वहीत लिहून दाखवले, "अप्पा, पाया पडते, हसवू नका!"

तिसऱ्या आठवड्यात मात्र तिचे हसू मावळले. तिचे वजन सात किलोंनी उतरले होते. खालचा ओठ बधिर होता. हनुवटीवरून सार ओघळायचे आणि तिला कळायचेही नाही. त्यातच शेजारच्या धनम अक्का डोकावल्या.

"देवानं दिलेला चेहरा बदलायची काय गरज होती गं बाई?"

"अक्का, देवानं दिलेला चष्मा तुम्ही कुठल्या देवळातून आणलात?" अप्पांनी विचारले.

धनम अक्का गेल्या. तेन्मोळीने मात्र पेला दूर सारला. त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळीही तिने काही घेतले नाही. अप्पा घाबरले. मग त्यांनी दोन इडल्या, सांबार आणि चटणी माझ्यात घातली, दोन पेले भरले आणि तिच्यासमोर बसून स्वतः एक घोट घेतला.

"अय्यय्यो! हे तर भिंतीला लावायचं लुकण आहे!"

तेन्मोळीने वही ओढली. "मग रोज मला का पाजता?"

"चुकलं माझं, कण्णू, माझ्या बाळा. आजपासून तू जे पिशील तेच मी पिणार. मग बघ चव कशी सुधारते."

आणि ती सुधारली! अप्पांनी साराला लसूण-मिऱ्याची फोडणी दिली, मऊ भातात तूप घातले, माशाचे काटे काढून कालवण तीनदा गाळले. दोघे समोरासमोर बसून पीत. तेन्मोळी वहीत गुण द्यायची. माशाला दहापैकी नऊ मिळाले.

दिवसातून सहा वेळा फिरून माझी मोटार तापली. एका सकाळी जळका वास आला आणि मी थांबलो. दुरुस्ती करणारे इब्राहिमभाई म्हणाले, "भंगारात द्या हो, नवा घ्या."

"हे माझ्या पोरीचे दात आहेत," अप्पा म्हणाले. "दात कुणी भंगारात देतं का?"

इब्राहिमभाईंनी मला उघडले. त्यांनी माझ्या मोटारीतले झिजलेले कार्बन ब्रश बदलले आणि मी पुन्हा गुरगुरू लागलो. त्या भल्या माणसाचे उपकार मी कसे विसरू?

दीड महिन्याने रबरे सुटली. काही आठवड्यांनी, सार पिताना तेन्मोळी अचानक थांबली. तिने ओठाला बोट लावले.

"अप्पा, चटका बसला! मला कळलं!"

अप्पांनी तोंड फिरवून पंच्याने डोळे पुसले.

मित्रांनो, आमचे भांडे गच्च भरू नका, मोटार तापली की आम्हाला विसावा द्या, एवढेच माझे मागणे आहे. आणि घरात कुणी आजारातून उठत असेल, तर नुसता पेला ठेवून जाऊ नका. जवळ बसा. त्यातला एक घोट तुम्हीही घेऊन बघा.

आता मला आठवड्यातून एकदाच काम असते. पण मी उदास नाही. बाहेरच्या खोलीत बापलेक चकलीसारखे कडक मुरुक्कू खात बसतात आणि तो कुडुम-कुडुम आवाज मी ओट्यावरून ऐकत असतो.