मागच्या दाराची कडी

सुताराने छिन्नीचं टोक कडीखाली घातलं आणि हलकेच हातोडी मारली. हिरव्या रंगाचा पोपडा उडाला, पण कडी जागची हलेना. रांगेतल्या प्रत्येक घरात हीच तऱ्हा. पुढच्या दारांच्या कड्या वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. मागच्या दारांच्या मात्र उघड्याच, रंगाच्या थरांखाली चिकटून बसलेल्या.

कोळसा कंपनीने कामगारांसाठी बांधलेली ही वसाहत आता संग्रहालय होणार होती. कड्या मोकळ्या करा, असं संग्रहालयाच्या बाईंनी बजावलं होतं. सुताराचा जन्म याच रांगेतला. तो तान्हा असताना बाबा खाणीत उतरले ते वर आलेच नाहीत. आई त्याला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि पुढे वसाहतीबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

पायरीवर दिवेवाला ऊन खात बसला होता. खाणीत उतरणाऱ्यांना दिवे देण्यात त्याची उभी हयात गेली होती.

"काका, तुमच्या काळात चोर नव्हते का हो?"

"होते की! पण चोरणार काय, कोळसा?" म्हातारा हसला. "अरे, माणूस खाली असताना मागचं दार लावायचं नाही. दमूनभागून वर येणार, त्याला आपल्याच दारात ताटकळावं लागू नये. एक जण जरी खाली असला तरी अख्ख्या रांगेने कडी घालायची नाही. आणि कुणी ना कुणी खाली असायचंच."

"मग सगळे वर आल्यावर?"

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. बुजवलेल्या खाणीवर गवत माजलं होतं, तिकडे त्याने पाहिलं.

"सगळे कुठे आले, बाळा?"

सुताराचा हातोडीचा हात खाली आला. घरच्या मागच्या दारावरून तो वर्षानुवर्षं आईशी भांडत आला होता. रविवारी त्याने स्वतः तिथे भक्कम पितळी कडी ठोकली, तर सोमवारी दार पुन्हा नुसतंच लोटलेलं. तुझं डोकं फिरलंय, असंही तो तिला बोलून गेला होता. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना काय सांगायचं ते उद्या बघू, म्हणत त्याने हत्यारं आवरली.

संध्याकाळी तो मागच्या दाराने घरात शिरला. आई भाजी निवडत होती.

"आज इकडून कसा रे?"

कामावरून आणलेला हिरव्या रंगाचा डबा त्याने उघडला आणि उघड्या कडीवर ब्रश फिरवू लागला.

आईचे हात थांबले. नव्याकोऱ्या पितळेवर रंग चढताना ती बघत राहिली.

"एका हाताने काय होतंय," ती म्हणाली. "वाळला की दुसरा दे."