बिनछर्र्याचं बदक

त्या सोमवारी तलावाकाठच्या बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. झाडून सारं गाव शेख मबरूकच्या खोलीपुढे लोटलं होतं आणि एका लाकडी पेटीकडे डोळे फाडून बघत होतं. पेटीला कुलूप, कुलपावर लाखेची मोहर. आत गेल्या सोमवारी मारलेलं रानबदक. पोट फाडलेलं नाही, मीठ चोळलेलं नाही, बर्फाचा खडा नाही. गळ्यात फक्त शेखने फुंकर मारलेला निळा गंडा.

"बरकत कुठे असते, बाबांनो?" शेखने हात उंचावले. "आतड्यांत! तुम्ही सुरा चालवता, बरकत उडून जाते, मग बदक सडतं. बदक सडवतो कोण? तुमचा सुरा!"

"सुभानल्लाह!" गर्दी एका सुरात म्हणाली. एरवी कांद्याच्या जुडीसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी हीच माणसं.

"बरोबर आहे," मागे उभे असलेले लुत्फी मास्तर पुटपुटले. "आणि साबण नसता तर कपडे मळलेच नसते."

मास्तरांचे केस शाळेत रसायन शिकवून पांढरे झाले होते. असल्या तमाशाला ते थुंकायलाही थांबले नसते, पण पेटीतलं बदक त्यांच्या मेहुण्याचं होतं. बसयूनी तलावावरचा नावाजलेला शिकारी. आपलं बदक निवडलं गेलं म्हणून तो आठवडाभर छाती काढून फिरत होता. तेवढंच असतं तर मास्तरांनी हसून सोडून दिलं असतं. पण गुरुवारी त्याच्या मुलीचं, नग्लाचं लग्न होतं, आणि लग्नाच्या जेवणाची सगळी बदकं त्याने शेखच्या सांगण्यावरून तशीच, आतड्यांसकट, गंडे बांधून खोपटात रचून ठेवली होती.

"दादा, खोपटात नाक देववत नाही," बहीण अत्यात सकाळीच रडत आली होती. "आणि हे म्हणतात, तो बरकतीचा वास आहे!"

नग्ला तिच्या मागेच उभी होती. "मामा, सगळं गाव जेवायला येणार. माझ्या लग्नात माणसं ओकून आडवी झाली, एखादं म्हातारं दगावलं, तर? बाबा कोणाचं ऐकत नाहीत."

म्हणून मास्तर नग्लाला घेऊन इथे आले होते.

मोहर फुटली, झाकण उघडलं आणि शेखने बदक मानेला धरून वर केलं. डोळे चकचकीत, पाय लवचीक, वासाचं नाव नाही. बायका आनंदाने चीत्कारल्या. बसयूनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माझं बदक!" तो शेजारच्याला सांगू लागला. "स्वतः मारलंय मी!"

शेखच्या चेल्याने बदक तिथेच सोलून निखाऱ्यांवर भाजलं आणि बरकतीचा घास म्हणून नखाएवढे तुकडे वाटले. मास्तरांच्या वाट्यालाही एक आला. त्यांनी तो सवयीने डाव्या दाढेखाली घेतला आणि जपून चावला. उजवी दाढ मागच्या हिवाळ्यात बसयूनीच्याच बदकाने अर्धी पाडली होती. त्याच्या बदकात मांसापेक्षा शिसं जास्त, अशी गावात म्हणच पडली होती. त्याच्याकडे जेवायला बसलं की माणसं हळूहळू चावायची आणि बंदुकीचे छर्रे ताटाच्या कडेला लावायची.

इथे मात्र सगळे बिनधास्त चावत होते. कोणी थबकत नव्हतं, कोणी थुंकत नव्हतं. बदक संपलंसुद्धा.

"एक विचारू का?" मास्तरांनी आवाज चढवला. "कोणाच्या तोंडात छर्रा आला?"

माणसं जिभेने दाढा चाचपू लागली.

"बसयूनीचं बदक, आणि एक छर्रा नाही?"

शेख क्षणभर चपापला, पण असली माणसं मांजरासारखी चारी पायांवर पडतात. "बरकतीने शिसं वितळलं!"

"सुभानल्लाह!" गर्दी म्हणाली. मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"वा!" ते म्हणाले. "मग दाजींच्या खोपटातली बदकंही अशीच झाली असणार. गंडा तोच, फुंकर तीच. नग्ला, जा, एक घेऊन ये."

नग्ला आली ती एका हातात ताट लांब धरून, दुसऱ्याने ओढणी नाकावर दाबून. गर्दी आपोआप फाटली. ताटातल्या बदकाचं पोट हिरवं पडलं होतं, पिसं ओलसर झाली होती. गळ्यात निळा गंडा.

"शेखसाहेब, नवरीच्या हातचं आहे. भाजून देतो, घ्या घास."

"माझा सोमवारचा रोजा आहे," शेख नाक न दाबण्याची शिकस्त करत म्हणाला.

"मग काय झालं? सूर्य मावळायलाच आलाय. आम्ही थांबतो."

आणि गाव थांबलं. फुकटच्या करमणुकीला आमच्या गावाने कधी पाठ दाखवली आहे? मगरिबची बांग झाली. शेखने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला, ताटातल्या भाजलेल्या बदकाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"पोट बिघडलंय माझं."

"न खाताच?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि पहिल्यांदा गर्दी हसली.

बसयूनी हसला नाही. तो पुढे जाऊन शेखसमोर उकिडवा बसला. "शेखसाहेब, गुरुवारी हेच मी सगळ्या गावाला वाढणार होतो. माझ्या पोरीच्या लग्नात. एक घास खा. एकच. मी परत तोंड उघडणार नाही."

शेखने दोन बोटांनी ताट लांब सारलं.

बसयूनी त्या दोन बोटांकडे बघत राहिला. मग उठला आणि त्याने पेटीच उचलून उलटी केली. मागची फळी सळकन सरकून खाली पडली. तिच्या खाचेत तेल चोपडलेलं होतं. पेटी खोलीच्या दाराच्या ज्या पडद्याला टेकून असायची, तो त्याने ओढला. आत जाळं, आणि खुराड्यात तीन जिवंत रानबदकं, पुढच्या सोमवारांची सोय.

"सगळे कुलूप राखत बसलात, पाठीकडे कोणी बघितलं नाही," मास्तर म्हणाले. "जाळ्यात धरलेलं बदक पहाटे मारायचं, मागून आत ठेवायचं, सडलेलं कालव्यात फेकायचं. जाळ्यातल्या बदकात छर्रा कुठून येणार? अरे, मेलेल्या पक्ष्याच्या आतड्यातले जंतू उबेत वाढतात, म्हणून बदक सडतं. जंतूंना गंडा दिसत नाही. लगेच पोट साफ करा, कोरडं पुसा, गार वाऱ्यात सुटंसुटं टांगा, नाहीतर बर्फात घाला. इतकंच आहे ते. तुमच्या आज्याला ठाऊक होतं!"

शेख त्या रात्रीच पसार झाला. खोपटातली बदकं बसयूनीने खड्ड्यात चुना टाकून पुरली. मग दोन दिवस तो अंधारातच होडी काढत राहिला आणि एकेक बदक होडीतच साफ करून काठीला टांगत गेला.

गुरुवारी सारं गाव जेवलं आणि एकाचंही पोट दुखलं नाही. पंगतीत मास्तरांच्या तोंडात कट् झालं आणि उरलेली डावी दाढही गेली.

"लागलं का हो, मामा?" नग्ला धावत आली.

"लागू दे," मास्तरांनी छर्रा ताटाच्या कडेला लावला. "या घरचंच बदक आहे याची खात्री पटली."

तेवढ्यात एका पाहुण्याने शेजारच्या गावात नवा शेख आल्याची बातमी काढली. म्हणे, तो फुंकरीने मासळी महिनाभर ताजी ठेवतो. दोन-चार माना लगेच वळल्या. गाढवं ती गाढवंच.

बसयूनीने हातातली पळी खाली ठेवली.

"ठेवू दे की," तो म्हणाला. "पण महिन्याने तीच मासळी आधी त्याला खाऊ घाला. आपल्यासमोर. आणि तोवर पेटीच्या मागे कोणीतरी उभं राहा."