नांदुऱ्यात घडलेली नक्कल

मित्रांनो, मी जुना नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुरबूर नको. माझ्या जातीची घड्याळं दीड-दोनशे वर्षांची असतात, विलायतेहून बोटीने आलेली असतात. मी अवघा अकरा वर्षांचा आहे आणि माझा जन्म नांदुऱ्यातल्या एका लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, दुकानात झाला. मी नक्कल आहे. मान खाली घालून मात्र हे सांगत नाही.

मला सांगाडा-घड्याळ म्हणतात. बाकीच्या घड्याळांची चाकं पेटीत झाकलेली असतात. मला पेटीच नाही. पितळेच्या दोन कोरीव पट्ट्या, त्यांच्या मधे दातेरी चाकं, खाली स्प्रिंगची डबी, मागे लंबक. पोटात काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला उघड दिसतं.

माझी कहाणी जयमालाबाईंपासून सुरू होते. त्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. निवृत्तीनंतर त्यांच्या मैत्रिणी तीर्थयात्रेला निघाल्या आणि बाई सांगाडा-घड्याळं शोधत हिंडू लागल्या. पहिलं सापडलं ते कापसातली सरकी काढणाऱ्या, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या कचेरीत, भंगाराच्या ढिगात. विलायती होतं, पण मधल्या चाकाचे दाते तुटलेले. मोठ्या शहरांतल्या कारागिरांनी हात वर केले. शेवटी बाई ते पिशवीत घालून गावातल्याच लेथवाल्या संघपालच्या दुकानी गेल्या.

"मॅडम, मी जिनिंगचे शाफ्ट करतो," संघपाल म्हणाला. "हे तं सोनाराचं काम हाय." मग त्याने ते तुटकं चाक उजेडात धरलं, दोनदा फिरवलं. "पण ठेवून जा. पाहतो."

तीन आठवड्यांत त्याने नवं चाक बसवलं आणि ते म्हातारं घड्याळ चालू झालं. पण संघपालचा जीव त्यात अडकला. त्याने एकेका भागाचं माप वहीत उतरवलं, पितळेचा पत्रा आणला आणि रविवारी दुकान बंद असताना मला घडवायला घेतलं. करवतीने कापलं, कानशीने घासलं. दोन चाकं बिघडली, ती फेकून पुन्हा केली. आठ महिने लागले. मी पहिल्यांदा टिकटिकलो त्या दिवशी त्याने माझ्या मागच्या पट्टीवर कोरलं : 'संघपाल, नांदुरा'. बाईंनी मला पाहिलं आणि लगेच विकत घेतलं.

पुढची वर्षं सुखाची गेली. बाईंकडे सात घड्याळं जमली. सहा जुनी आणि नवा एकटा मी. दर रविवारी चावी मिळे. लोक माझ्यासमोर आ वासून उभे राहत. जुन्यांवर काचेचे घुमट होते, माझ्यावर नव्हता. कापसाच्या हंगामात नांदुऱ्याच्या हवेत रुईचे तंतू तरंगतात, ते माझ्या दात्यांत अडकत आणि मी थांबे. बाई रंगाच्या बारीक ब्रशने ते काढत.

मग एक जाणकार संग्राहक घर पाहायला आले. म्हणाले, "अस्सलाशेजारी नक्कल ठेवली की अस्सलाचाही मान जातो." बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवलं. दोन वर्षं. मित्रांनो, मी रडलो नाही. मी संतापलो. चावी न दिलेलं घड्याळ म्हणजे नुसतं पितळ!

एकदा संघपाल तेल द्यायला आला. "मॅडम, माह्यं घड्याळ कुठं हाय? बंद पडलं काय?"

"नाही हो, संघपालभाऊ. आत ठेवलंय."

"काऊन?"

बाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. त्याने बाकीच्यांना तेल दिलं आणि समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेला. बाईंनी तो चहा मोरीत ओतला. मग कपाट उघडून मला बाहेर काढलं.

त्याच हिवाळ्यात जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. शहरात तो मोठं प्रदर्शन भरवणार होता आणि त्यात आपली घड्याळं असावीत, हे बाईंचं किती वर्षांचं स्वप्न. व्यापाऱ्याने डोळ्याला भिंग लावून सगळ्यांत जास्त वेळ मलाच न्याहाळलं. मग पाठीवरचं नाव वाचून हसला.

"बाई, हे नाव घासून टाका. पितळ थोडं काळवंडवलं की दीडशे वर्षांचं म्हणून खपेल. मीच घेतो. नावासकट ठेवणार असाल, तर तुमची बाकीचीही प्रदर्शनात नकोत. लोकांना शंका येते."

"ज्याचं नाव आहे त्यालाच विचारू," बाई म्हणाल्या. मला कुशीत घेऊन त्या व्यापाऱ्याला संघपालच्या दुकानी घेऊन गेल्या.

त्या वर्षी गावातल्या दोन जिनिंग बंद झाल्या होत्या. लेथ दिवसदिवस मुका असे. व्यापारी म्हणाला, "अशी दहा करून दे. फक्त नाव नको."

संघपालने हात पुसले. "दहा करून देतो. वीसबी देतो. पण हरेकावर माह्यं नाव राहीन."

"अरे, नावामुळेच तर किंमत कमी होते!"

"मंग तुमाले घड्याळ नाही पाह्यजे, वय पाह्यजे. लेथवर वय नाही निघत, साहेब."

बाई खळखळून हसल्या. व्यापारी गेला आणि त्याच्याबरोबर प्रदर्शनही गेलं.  तिसऱ्या दिवशी बाईंनी शाळेचा हॉल मागून घेतला आणि स्वतःच प्रदर्शन भरवलं. प्रत्येक घड्याळापुढे चिठ्ठी : जुनं की नवं, कोणी केलं, कोणी दुरुस्त केलं. विलायती म्हाताऱ्याच्या चिठ्ठीवरही लिहिलं होतं, 'मधलं चाक : संघपाल'. मला मात्र पाठ लोकांकडे करून मांडलं.

बाजार आटोपून आलेल्या भाजीवाल्या कौशल्याबाईंनी विचारलं, "ह्याची पाठ काऊन दाखवून राह्यल्या, मॅडम?"

"ह्याच्या बापाचं नाव पाठीवर आहे," बाई म्हणाल्या.

दाराशी उभा असलेला संघपाल एकदम बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन परत आला.

मित्रांनो, घरात घड्याळ असेल तर त्याला वेळेवर चावी द्या, दात्यांतली धूळ काढा. नवं आहे म्हणून त्याला कपाटात कोंडू नका. आणि कुणी कानस घेऊन नाव पुसायला आलं, तर दार लावून घ्या.

संघपालच्या लेथवर सध्या एक नवं घड्याळ आकार घेतंय. त्याच्या पट्ट्या ज्वारीच्या कणसासारख्या आहेत. तसं घड्याळ विलायतेत नाही, कुठंच नाही. त्याची नक्कल करायची असेल, तर आता विलायतेलाच नांदुऱ्याला यावं लागेल.