बाजेवर कोणी मरत नाही

मित्रांनो, अंगणात ज्या जुन्या बाजेवर सांडगे वाळत घातले आहेत, ती मी. माझा एक पाय आखूड झाला आहे, म्हणून त्याच्याखाली विटेचा तुकडा सरकवला आहे. आज माझ्याकडे पाहून तुम्हाला खरे वाटणार नाही, पण एके काळी माणसे माझ्या पाया पडत असत. ती का पडत आणि मग का थांबली, एवढेच मला सांगायचे आहे. जे माझ्या देखत झाले तेवढेच सांगेन.

माझा जन्म १९३४ सालचा, ताडकळसपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यातला. त्या वेळी आमच्या मुलखात निजामाचे राज्य होते. आश्रुबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावरची बाभूळ वादळात पडली. बन्सीधर सुताराने ते लाकूड दोन महिने डोहात बुडवून ठेवले, मग सावलीत वाळवले आणि त्याचे चार पाय नि चार दांडे केले. आश्रुबाची बायको चतुराबाई हिने अंबाडीची दोरी वळली. विणकाम तीन दिवस चालले. शेवटी बन्सीधर माझ्यावर उभा राहिला आणि दोन उड्या मारून म्हणाला, "आश्रुबा, तू म्हातारा होशील, पर ही व्हायची न्हाई."

त्याचे अर्धे बोलणे खरे ठरले; म्हातारी मीही झालेच.

आश्रुबाचे आईबाप आणि थोरला भाऊ गेल्यावर घरात माणसे तीनच उरली: आश्रुबा, चतुराबाई आणि आश्रुबाची विधवा बहीण दगडाबाई. मुलगी लग्न होऊन चारठाण्याला गेलेली. पहिली सात वर्षे मी साधे, भरपूर काम केले. माझ्यावर पाहुणे निजले, माहेरी आलेली बाळंतीण निजली, पावसाळ्यात भिजलेली पोती सुकली. आश्रुबा माझ्यावर फारसा नसेच. तो पहाटे रानात जाई आणि दिवेलागणीला येई. उंचापुरा गडी. विहिरीच्या काठावरून उडी टाकून पोहायचा, कच्ची वांगी मिठाशी खायचा, तापल्या उन्हात उघड्या डोक्याने फिरायचा.

आता एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. आमच्याकडे माणसाने बाजेवर प्राण सोडू नये, असे मानतात. कोणाचे अखेरचे दिसू लागले, की जमीन शेणाने सारवतात, घोंगडी अंथरतात, त्या माणसाला बाजेवरून उचलून खाली ठेवतात आणि तोंडात तुळशीचे पान घालतात. त्या सात वर्षांत आश्रुबाच्या बापाला असेच माझ्यावरून उतरवले. आईलाही. थोरल्या भावालाही. तिघेही उतरवल्यावर तासाभरात गेले.

१९४१ च्या भाद्रपदात आश्रुबाला हिवताप आला. विसाव्या दिवशी दुपारी त्याची वाचा गेली, डोळे फिरले. दगडाबाईने सारवले, चौघांनी त्याला उचलले आणि खाली ठेवले. चतुराबाई पान घेऊन वाकली, तोच आश्रुबा शिंकला. मग डोळे उघडून त्याने घोंगडीवर हात फिरवला, जमीन चाचपली आणि ओरडला, "वर! वर ठिवा मला!"

त्याला पुन्हा माझ्यावर ठेवले. आठ दिवसांत ताप गेला. भीती मात्र गेली नाही.

त्याने पडल्या पडल्या विचार केला आणि त्याला एक गोष्ट सापडली. ती त्याने सगळ्यांत आधी बहिणीला सांगितली. "दगडे, बग. आपला बा खाली गेला. आई खाली गेली. दादा खाली गेला. बाजेवर कुणी मेलं का? एक तरी?"

"मरायला टेकलं म्हणून खाली घेतेत, दादा. खाली घेतलं म्हणून मरत न्हाईत."

"मी उतरणारच न्हाई. मंग कसं येतंय मरण?"

"यमाला बाज दिसत न्हाई व्हय? आंधळा हाय का त्यो?"

पण आश्रुबा उतरला नाही. जेवण माझ्यावर, अंघोळ माझ्यावर, हजामत माझ्यावर. परसाकडची वेळ झाली की दोन गडी मला त्याच्यासकट उचलून परड्यात नेत. तिथेही त्याचा एक हात माझ्या पायाला धरलेला असे. हात लागलेला आहे तोवर आपण बाजेवरच आहोत, अशी त्याची समजूत होती.

ताडकळसचे वैद्य दिनकरराव येऊन नाडी पाहून गेले. "आश्रुबा, तब्येत ठणठणीत आहे. नाडी बैलाची आहे."

"बैल मरत न्हाईत का, वैद्यबुवा?"

"मरतात. पण आधी नांगर ओढतात."

आश्रुबाने ते मनावर घेतले नाही. उलट परहेज वाढवला. पाणी उकळून, ताक बंद, केळे बंद, वैशाखात कानटोपी. खिडकीच्या फटीत चिंध्या, कारण पूर्वेचा वारा बाधतो असे कोणी तरी सांगून गेले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण एक नवे पथ्य ठेवून जाई, आणि आश्रुबा एकही टाकून देत नसे.

गावालाही ते पटू लागले. आदल्या वर्षीच पटकीत अकरा माणसे गेली होती. लोक भ्यालेले होते. मरता मरता उठलेला माणूस बाजेवर सुखरूप आहे, ही बातमी पसरली. बायका तापाची पोरे आणून क्षणभर माझ्यावर निजवू लागल्या. माझ्या पायांना हळदकुंकू लागले. शेजारच्या तानुबाईने तर आश्रुबाची सगळी पथ्ये आपल्या घरी नेली. तिच्या मुलांना नदी बंद, झाड बंद, बोरे बंद. ती मुले ओट्यावर ओळीने बसून इतरांचा खेळ पाहत.

खरे सांगते मित्रांनो, मला हे फार आवडले. सात वर्षे पोती वाळवलेल्या बाजेला हळदकुंकू लागले, तर तिला काय वाटेल? मीच या माणसाला जगवते आहे, असे मला वाटू लागले. पटकीत पाणी उकळून प्यावे, प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घालाव्यात, हे शहाणपणच आहे. त्याने माणसे वाचलेली मी पाहिली आहेत. पण साथ ओसरल्यावर माणसे झोपड्या मोडून घरी येतात. आश्रुबाची साथ ओसरतच नव्हती.

दोन वर्षे गेली. माझी दोरी मध्ये खोल गेली आणि त्या खोलात तो रुतून बसला. त्याच्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्या. त्याच्या पायांचे वजन रोज माझ्यावर होते, म्हणून ते कसे उतरत गेले हे मला घरातल्या सगळ्यांआधी कळले. शेत चतुराबाई पाहू लागली. ती पहाटे दळण दळी, त्याचे पाणी उकळी, रानात जाई, येऊन पुन्हा पाणी उकळी. एकदा ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"अवो, तुमी मरणाला भ्यायलाव. अन् मी दमून मरायले, त्याचं काय?"

"तू कशाला मरशील? तू लय चिवट हायस."

ती हसली. मला वाटते, आपण तिचे कौतुकच केले, असे त्याला वाटले होते.

१९४३ च्या भाद्रपदात पुन्हा घरोघर हिवताप आला. एका सकाळी चतुराबाई पाण्याचा हंडा घेऊन उंबऱ्यात आली आणि तिथेच बसली. हंडा कलंडला. दगडाबाईने तिला ओढत आत आणून माझ्याशेजारी जमिनीवर गोधडी टाकून निजवले. तिला हुडहुडी भरली. आठ दिवसांच्या झडीने जमीन ओली होती आणि गोधडी तासाभरात खालून भिजली. दगडाबाईने ती बदलली, दुसरीही भिजली.

दुपारी दिनकरराव आले. त्यांनी गोधडीखाली हात घातला आणि दगडाबाईकडे पाहिले. "औषध देतो. पण या ओलीवर ठेवलंत तर औषधाचा काही उपयोग नाही. हिला वर घ्या."

"बाज कुठून आणू, वैद्यबुवा? सगळं गाव फिरून आले. घरोघर तापाची माणसं, एक बी बाज रिकामी न्हाई."

तिघांपैकी कोणीही आश्रुबाकडे पाहिले नाही, आणि ते त्याला जास्त लागले असावे.

वैद्य गेले. दगडाबाई काढा करायला चुलीकडे गेली. खाली चतुराबाईचे दात वाजत होते. आश्रुबा कडेला सरकून तिच्याकडे पाहत बसला. त्याचे काळीज धडधडत होते. माझ्या दोरीला ते कळत होते.

"चतुरे," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. "काय पायजे? पाणी उकळायचं ऱ्हायलं का?"

यावर तो रडला. दोन वर्षांत मी त्याला अनेकदा रडताना पाहिले होते, पण स्वतःसाठी. हे तसे नव्हते. मग त्याने बहिणीला हाक मारली.

"दगडे, हिला वर घे."

"अन् तू?"

"मी उतरायलोय."

"दादा..."

"मला ठावं हाय काय व्हतंय ते. माज्यासाठी सारवू नगस, जमीन आदीच वली हाय. आदी हिला घे."

मित्रांनो, बाकीच्यांना ही साधी गोष्ट वाटेल. एक धडधाकट माणूस बाजेवरून उतरला, एवढेच. पण तो काय समजून उतरला, ते लक्षात घ्या. उतरलो की तासाभरात संपलो, अशी त्याची खात्री होती. त्याने कानटोपी काढली, दोन्ही पाय खाली सोडले आणि तो उभा राहू लागला. पायांनी साथ दिली नाही. तो घोंगडीसारखा खाली घसरला. दगडाबाईने आणि हाक मारून आणलेल्या तानुबाईने चतुराबाईला माझ्यावर ठेवले. ती इतकी हलकी होती की मला लाज वाटली.

आश्रुबा भिंतीला टेकून बसला. सवयीने त्याचा हात माझ्या पायावर आला. मग त्याने हात काढून घेतला. दोघांनी धरले तर तिच्या वाट्याला कमी येईल, असे काहीसे तो पुटपुटला.

तासाभराने तो जिवंत होता. दोन तासांनीही होता. तिसऱ्या तासाला त्याला भूक लागली, आणि त्याचा त्याला राग आला.

चतुराबाईचा ताप नऊ दिवस चालला. पाचव्या दिवशी तिची शुद्ध हरपली. दगडाबाईने कोपऱ्यातली जमीन थोडी कोरडी आहे का, ते हाताने पाहिले. आश्रुबा गुडघ्यांवर रांगत आडवा आला.

"अजून न्हाई."

"दादा, रीत हाय. बाजेवर गेली तर..."

"जाऊ दे जायची आसंल तर. पर वलीवर ठेवून मी तिला मरणाकडं लोटणार न्हाई."

मी तेव्हा काय केले, असे विचाराल. मी काहीच केले नाही. मला काही करताच येत नव्हते. मी बाभळीचे लाकूड आणि अंबाडीची दोरी. हे मला त्या दिवशी कळले. औषध दिनकररावांचे होते, काढा दगडाबाईचा होता, आणि दर घटकेला ओला फडका बदलणारे हात आश्रुबाचे होते. मी फक्त तिला ओलीपासून हातभर वर धरून ठेवले. बाजेचे काम तेवढेच असते.

दहाव्या दिवशी चतुराबाईला घाम सुटला आणि तिने डोळे उघडले. समोर नवरा भिंत धरून उभा होता. एका हातात जळकी भाकरी होती.

तिने विचारले, "कसं काय? तुमी आजून जिते हाव का?"

"मरायला सवड कुठं हाय?" तो म्हणाला. "पाणी म्याच भरायलोय."

पंधराव्या दिवशी ती उठली. मी रिकामी झाले. तिने माझी दोरी ताणून घेतली, अंगावरून हात फिरवला आणि नवऱ्याला विचारले, "बाज मोकळी हाय. पडताव का?"

आश्रुबाने माझ्याकडे पाहिले. "नगं. रानात जायचंय," म्हणाला आणि काठी घेऊन बाहेर पडला. पहिल्या दिवशी तो वेशीपर्यंत पोचला आणि परत आला. दिवाळीनंतर शेतापर्यंत जाऊ लागला. तानुबाईची मुले नदीवर गेली. माझे हळदकुंकू पावसाने धुऊन नेले. पुन्हा कोणी लावले नाही.

मला वाईट वाटले, हे लपवणार नाही. जिच्यावाचून एका माणसाचे घडीभर चालत नव्हते, तिच्यावर आता मिरच्या वाळू लागल्या. पण संध्याकाळी तो दमून येई, माझ्या कडेवर बसून पायातला काटा काढी आणि उठून जाई. त्याच्या पोटऱ्या भरत आल्या होत्या. तेवढ्या बसण्यातही मला ते कळे.

तो त्यानंतर पाच वर्षे जगला. १९४८ च्या सुगीत गेला. कसा गेला, हे मला सांगता येणार नाही. मी घरी होते आणि तो रानात.

तर मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. उन्हाळ्यात मला दोन दिवस उन्हात टाका, म्हणजे ढेकूण निघतील. दोरी सैल पडली की पायथ्याकडून ताणा. घरात कोणाला ताप आला तर त्याला माझ्यावर निजवा, त्याची हयगय करू नका. आणि ताप उतरला की त्याला उठवा. उठत नसेल तर माझी एक बाजू उचला आणि त्याला खाली पाडा. मला राग येणार नाही.