दुसऱ्या भागातला पाटील

मधुकररावांच्या छापखान्यातून मुलांसाठी लोककथांचं पुस्तक निघायचं होतं, आणि त्याचे दोन भाग करायचे ही कल्पना त्यांचीच. पहिल्या भागात शेवटी माफी मिळालेले दुष्ट, दुसऱ्यात माफीच नसलेले. "पोट्ट्यायले असंच आवडते, बाई," ते सिंधूताईंना म्हणाले होते. "कोण सुटला अन् कोण नाही, सरळ सांगून टाकायचं."

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. सिंधूताई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही, घरी ऐंशीचे वडील. सुट्टीत गावोगाव फिरून गोष्टी लिहून आणायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यांचा निवाडा करायला होते गोपाळराव, एक निवृत्त हेडमास्तर. दर शनिवारी दुपारी रामदासपेठेत त्यांच्या व्हरांड्यात, वाळ्याच्या ओल्या ताट्यांआड तिघं बसायचे आणि एकेका दुष्टाला उभं करायचे.

झिपऱ्या चेटकिणीचा निकाल दोन मिनिटांत लागला. गुराख्यांचे आवाज चोरून मडक्यात कोंडणारी आणि मरतानाही मडक्याचं तोंड न उघडणारी बाई; तिच्यासाठी कोण भांडणार? दुसरा भाग. खरी जुंपली ती वाटमाऱ्यावरून. त्यानं खिंडीत सतरा माणसं मारली होती आणि नंतर त्याच खिंडीत बारा वर्षं वाटसरूंना पाणी पाजलं होतं.

"सतरा जीव, सिंधूताई!" गोपाळरावांनी चष्मा काढला. "पाण्यानं ते परत आले का?"

"नाही आले. पण सर, पाणी देताना तो प्रत्येकाला काय सांगतो ते वाचा. 'मी इथं माणसं मारली. चालत असंल तर पी.' कोणी तांब्या त्याच्या तोंडावर मारला, कोणी प्यायलं. त्यानं एकालाही खोटं सांगितलं नाही."

गोपाळरावांनी ते पान पुन्हा वाचलं. माणूस हट्टी, पण न्यायाला पक्का. शेवटी त्यांनी वाटमाऱ्याला पहिल्या भागात सरकवलं.

पुढच्याच आठवड्यात सिंधूताई एसटीनं उमरेडला गेल्या. तिथे रंभाबाई नावाच्या सत्तरीच्या विणकरणीला गोष्टी येतात, असं कोणीतरी सांगितलं होतं. रंभाबाईंचा मुलगा मागावर बसला होता आणि त्या शेजारी कांड्यांवर सूत भरत होत्या. हात न थांबवता त्यांनी गोष्ट सांगितली.

एका गावात तळं खोदलं, पण पाणी काही ठरेना. जोश्यानं सांगितलं, पाटलाच्या घरची सून द्या. पाटलानं देवाला कौल लावला, गावाला विचारलं, आणि धाकटीला सांगितलं की तळ्यातल्या देवीची ओटी भरून ये. ती हिरवं लुगडं नेसून उतरली. मागून वरच्या ओढ्याचा बांध फोडला. पाणी भरलं ते भरलंच. पाटील बारा दिवस जेवला नाही, रडून रडून त्याचे डोळे गेले. गावानं काठावर त्याचा दगड बसवला, आणि अजूनही दर आखाडीला त्या दगडाला हार घालतात.

"अन् सुनेचा दगड?" सिंधूताईंनी विचारलं.

"तिचा कशाले राहील? ती तर पाण्यात गेली."

"ती काहीच बोलली नाही का?"

रंभाबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो उठून कांड्या आणायला बाहेर गेला, तेव्हा त्या जवळ सरकल्या. "बोलली ना वं. पण ते माणसांपुढं म्हणत नाही आम्ही. माही सासू दळताना म्हणे." आणि हलक्या आवाजात त्यांनी गायलं:

*गावाले पुसलं, देवाले पुसलं, पुसलं त्या जोश्याले,*
*जीव जिचा जाते, मामंजी, पुसलं नाही तिले.*

सिंधूताईंनी वहीत लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये खिडकीतून झळा येत होत्या, आणि त्यांना बहिणीची आठवण सोडत नव्हती.

यमुताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील, मारोतराव, तेव्हा एका मालगुजाराच्या कचेरीत कारकून होते, आणि सगळं कुटुंब एका खोलीत राहायचं. कचेरीच्या दिवाणजीचा पुतण्या बिजवर होता. त्याला यमू दिली, आणि महिन्याभरात दिवाणजीनं इतवारीतलं घर मारोतरावांना राहायला मिळवून दिलं. पुढे ते त्यांच्याच नावावर झालं. पुतण्याला क्षय होता. दोन वर्षांत तो गेला आणि त्याच्यामागून चार महिन्यांनी यमू. अठरा वर्षांची. त्या घरापासून शाळा जवळ होती; सिंधू मॅट्रिक झाली, बी.ए. झाली. आल्यागेल्याला वडील डोळे पुसत सांगायचे, "माझ्या यमूनं घर तारलं." लोक यमूलाही नावाजायचे आणि काळजावर दगड ठेवणाऱ्या बापालाही.

शनिवारी सिंधूताईंनी तळ्याची गोष्ट वाचली आणि कागद दुसऱ्या भागात ठेवला. गोपाळरावांनी तो लगेच उचलला.

"हा कुठे दुष्ट आहे? हा त्याग आहे. त्यानं घरचं माणूस दिलं."

"दिलं कोणाचं, सर? जीव तिचा होता."

"बाई, बात अशी आहे," मधुकरराव मध्ये पडले, "त्या दगडाले लोक हार घालतात. उद्या छापखान्यावर येतील. गोष्टच गाळून टाकू ना. एकानं काय होते?"

"ही गाळली तर बाकीच्या एकवीसही मी परत घेऊन जाते," सिंधूताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण दोघांनीही ओळखलं की ही धमकी नाही, ठरलेलं आहे.

"आठ दिवस विचार करा," गोपाळराव म्हणाले. "आणि मला कारण द्या. चेटकिणीच्या पंगतीला त्याला बसवायचं, तर कारण हवं. राग चालणार नाही."

हे मात्र सिंधूताईंना लागलं, कारण ते खरं होतं. त्यांना राग होता, आणि तो पाटलावर नव्हता.

रविवारी सकाळी मारोतराव खाटेवर चहाची वाट बघत बसले होते. सिंधूताईंनी कप हातात दिला आणि समोर पाट घेऊन बसल्या. "बाबा, एक गोष्ट वाचते. ऐका."

म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकली. मान हलवून म्हणाले, "मोठा माणूस. गाव तारलं त्यानं."

"अजून गाणं राहिलं." त्यांनी दोन ओळी वाचल्या.

चहा निवत गेला.

"हे मले काहून वाचून राहिली तू?"

"जावयाले क्षय होता. लग्नाआधी तुम्हाले मालूम होतं का?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नव्हता. सिंधूताईंनी नजर काढली नाही. आज उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

"दिवाणजी म्हणे, उतरून राहिला."

"अन् डॉक्टर?"

मारोतरावांनी कप खाली ठेवला. "डाक्टर म्हणे, उतरत नाही. पोरगी देऊ नका म्हणे." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "मालूम होतं, सिंधू. घर भेटून राहिलं होतं. तिले नाही विचारलं मी. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, अन् मग मले झेपलं नसतं."

सिंधूताईंना वाटलं होतं की हे ऐकून आपण ओरडू. पण त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली.

"मले माफी नाही का वं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ती यमुताईनं द्यायची होती, बाबा. तिच्या वाटची मी कशी देऊ? अन् मी तर याच घरात राहून शिकली. मी पण ते पाणी पेली."

त्या उठल्या. निवलेला चहा ओतून दुसरा करून आणला, कप त्यांच्या हातात नीट धरवला, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मारोतराव 'यमूनं तारलं' म्हणेनासे झाले. कोणी आलं आणि विषय निघाला, तर म्हणायचे, "मी तिले ढकललं," आणि येणारा गोंधळून सिंधूताईंकडे बघायचा. बापाला कोणत्या भागात घालायचं हे सिंधूताईंनी कधी ठरवलं नाही. त्यांचं पथ्यपाणी मात्र एक दिवस चुकवलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या व्हरांड्यात गेल्या, तेव्हा कारण तयार होतं.

"सर, वाटमाऱ्यानं सतरा मारले, तरी आपण त्याला पहिल्या भागात घेतलं. कशासाठी? तो म्हणाला, मी मारलं. पाटलानं एकच जीव घेतला, पण ओटी भरायला जा म्हणून फसवून. आणि नंतर तो एकदाही म्हणाला नाही की मी मारलं. म्हणाला, मी दिलं. डोळे जाईपर्यंत रडला ते स्वतःसाठी, आणि वर त्याच्याच दगडाला हार. चेटकिणीला निदान कोणी हार घालत नाही."

"आणि शेवटी तो म्हणाला असता तर?" गोपाळरावांनी विचारलं.

"तर मी आज भांडले नसते. तरी त्याला सोडला असता की नाही, ते सांगता येत नाही. पण गोष्टीत तो म्हणत नाही."

गोपाळरावांनी ओव्या मागून घेतल्या. एकदा मनात वाचल्या, एकदा मोठ्यानं. 'पुसलं नाही तिले' म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला.

"मधुकरराव," ते म्हणाले, "दुसरा भाग."

"अन् लोक आले तर?"

"गावाचं नाव काढून टाका," सिंधूताई म्हणाल्या. "तेवढं चालेल मला. ओव्या काढायच्या नाहीत."

दिवाळीच्या आधी पुस्तक निघालं. छापखान्यावर कोणी आलं नाही. दोन मास्तरांनी नाराजीची पत्रं लिहिली. एका आईनं शाळेत येऊन विचारलं, असल्या गोष्टी पोरींना कशाला? सिंधूताईंनी तिला बसवून ती गोष्ट पूर्ण वाचून दाखवली. बाई पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेली.

सुट्टी लागताच सिंधूताई एक प्रत घेऊन उमरेडला गेल्या. रंभाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांच्या सुनेनं दारात बसून मोठ्यानं वाचायला घेतलं आणि आळीतल्या सात-आठ बाया येऊन टेकल्या. मुलगा मागावर होता. ओव्या आल्या तेव्हा सून अडखळली, सासूकडे बघू लागली.

"वाच ना," रंभाबाई म्हणाल्या. "आता छापलं आहे."

तिनं वाचलं. मागावरचा धोटा थांबला. कोपऱ्यातली एक म्हातारी खेकसली, "अन् सासू? सासूले काहून सोडलं? तिनंच नेसवलं असंल हिरवं लुगडं!"

"तिचं काय चालत होतं घरात?" दुसरी म्हणाली.

"तोंड तर होतं ना तिले!"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणी सासूला सोडायला तयार नव्हतं, कोणी तिला धरायला. सिंधूताईंनी पिशवीतून कोरी वही काढली, मांडीवर उघडली आणि त्या म्हातारीला म्हणाल्या, "एकेक जण बोला. तुम्ही आधी सांगा, आजी. सासूला माफी काहून नाही?"